हेडलाइटला लागलेली हळद

आमच्या घरी त्या हिवाळ्यात जेवढी भांडणं झाली, त्या सगळ्यांच्या मुळाशी चिमूटभर हळद होती. हसू नका, खरं सांगतेय. अमेरिकेतल्या एडिसनमध्ये ओक ट्री रोडपासून चालत जाण्याच्या अंतरावर आमचं अपार्टमेंट होतं, दुसऱ्या मजल्यावर, आणि खाली पार्किंगमध्ये आमची राखाडी रंगाची सेकंडहँड गाडी. आईच्या काय किंवा बाबांच्या काय, दोन्ही घराण्यांतली ती पहिली चारचाकी, त्यामुळे दसऱ्याला आईनं तिचे सगळे लाड केले. रेशमी साडीवर बाबांचं जाडजूड जॅकेट चढवून, हातात पूजेचं ताट घेऊन ती खाली उतरली. बॉनेटवर स्वस्तिक काढलं, झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवलं. नारळ फोडायची वेळ आली तेव्हा समोरच्या बाल्कनीतून कुणीतरी वाकून बघायला लागलं, आणि बाबा खालच्या आवाजात "आटप गं लवकर" असं म्हणत राहिले. आई कुठली आटपतेय! तिनं ओल्या हळदीचं बोट दोन्ही हेडलाइटना टेकवलं, वर कुंकू लावलं आणि म्हणाली, "गाडीचे डोळे आहेत ते. त्यांना नको का?" मग वर येऊन आम्ही श्रीखंड-पुरी हाणली. हीटरच्या पाइपातून ठकठक आवाज येत होता, तळणीचा वास पडद्यांत बसला होता, आणि स्मोक अलार्म वाजू नये म्हणून मी खुर्चीवर उभी राहून त्याच्याखाली टॉवेल हलवत होते. तो आमच्याकडचा सणासुदीचा ठरलेला कार्यक्रम होता.

बाबा एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर प्रोग्रामर होते. ऑफिस हायवेच्या कडेला, जिथं ट्रेन जात नव्हती की बस. म्हणजे नोकरी गाडीवर, व्हिसा नोकरीवर, आणि आम्ही तिघं त्या व्हिसावर, अशी सगळी उतरंड होती. तळातलं मडकं हललं की वरची सगळी खाली. हे मला कुणी बसवून सांगितलं नव्हतं. त्या वर्षांत आजूबाजूच्या अपार्टमेंटांतून माणसं ज्या वेगानं सामान बांधून भारतात परत जात होती, ते बघून कुठल्याही पोराला कळलं असतं. आई गाडी चालवत नव्हती. मी सतरा वर्षांची, माझ्याकडे नुसतं शिकाऊ पर्मिट, शेजारी बाबा बसलेले असतील तरच चालवायची परवानगी. चालवणारे ते एकटेच. आणि त्यांची एक सवय होती. संध्याकाळी डॅशबोर्डजवळचं बटण फिरवून दिवे लावले की ते स्टिअरिंगवरचा एक हात उचलून छातीशी नेत आणि मान झुकवत. घरात दिवेलागणीला आपण हात जोडतो ना, तसंच. मला मैत्रिणींसमोर फार लाज वाटायची.

मग हिवाळ्याच्या नियमानं इथली घड्याळं एक तास मागे गेली आणि पाचच्या आत अंधार पडायला लागला. बाबा ऑफिसमधून यायचे ते घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, बाहेर तर कडाक्याची थंडी. किल्ली टीपॉयवर टाकून पहिलं वाक्य एकच: "दिवे मंद झालेत." पहिल्या आठवड्यात आम्ही फारसं लक्ष दिलं नाही. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी कारणही शोधून काढलं. "तुझी हळद. प्लॅस्टिकची काच असते ही, आपल्याकडच्यासारखी काचेची काच नव्हे. रंग आत मुरला. बघ जा, पिवळी झालीय." आई खाली जाऊन बघून आली. काच खरंच पिवळट होती. आता मला माहीत आहे की जुन्या गाडीची काच उन्हानं आपोआप पिवळी पडते, हळदीचा काही संबंध नसतो, आणि पावसात ती हळद केव्हाच धुऊन गेली होती. पण तेव्हा आई गाडीला शिवून आलेल्या हाताकडे बघत वर आली आणि म्हणाली, "तिकडे दरवर्षी तुझ्या मामाच्या स्कूटरला लावायचे, तिला कधी काही झालं नाही." तरी तिच्या मनात ते बसलंच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी.

पुढचे सगळे रविवार दिव्यांच्या सेवेत गेले. खालच्या मजल्यावरचे सबनीस काका, जे प्रत्येक रोगावर एक घरगुती इलाज बाळगून असत, त्यांनी टूथपेस्ट सांगितली. "यार, मॅजिक होतं! कापडानं गोल गोल रब कर, मग पाणी मार." बाबा सकाळचे पोहे अर्धे टाकून खाली उतरायचे आणि जुन्या बनियनच्या तुकड्यानं काच घासत बसायचे. मी पाण्याची बाटली धरून उभी, नाक लाल, बोटं बधिर. सगळ्या पार्किंगला पुदिन्याचा वास. काच खरोखर साफ झाली, अगदी नव्यासारखी. तरी संध्याकाळी तेच: दिवे मंद. मग नवे बल्ब आणले. त्या बल्बला उघड्या बोटांचा स्पर्श चालत नाही, बोटाचं तेल लागलं की तापून फुटतो, म्हणून आईच्या मऊ सुती साडीचा तुकडा घेऊन बाबांनी ते देवाच्या मूर्तीसारखे धरून बसवले. जास्त पॉवरचे का नाही आणले, असं मी विचारलं तर चिडले. "बेकायदेशीर आहे. समोरच्याचे डोळे दिपतात. पुस्तक वाचलंस ना?" पुस्तक म्हणजे ड्रायव्हिंगच्या परीक्षेचं. त्यातले दिव्यांचे सगळे नियम त्यांना पाठ होते आणि मला ते रोज म्हणून घेत: सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासात दिवे लागलेच पाहिजेत, पावसानं वायपर चालू केले तर भर दुपारीही दिवे लावायचे, समोरून गाडी पाचशे फुटांवर आली की हाय बीम खाली घ्यायचा.

आणि हाच माणूस हाय बीम लावून गाडी चालवताना पकडला गेला. मी शेजारीच होते. भाजी घेऊन आम्ही परत येत होतो, समोरच्या गाड्या आमच्यावर दिवे मारून मारून जात होत्या, आणि मी म्हणत होते, "बाबा, ब्राइट्स ऑन आहेत." ते बीम खाली घेईनात. मागून लाल-निळे दिवे फिरायला लागले. विमानं आदळून ते दोन टॉवर पडले, त्याला फार काळ झाला नव्हता. आमच्यासारख्या रंगाच्या प्रत्येकानं गाडीच्या मागे अमेरिकेच्या झेंड्याचा स्टिकर लावला होता, आमच्याही होता. पोलिसानं टॉर्च आत मारला तेव्हा बाबांनी दोन्ही हात त्याला दिसतील असे स्टिअरिंगवर ठेवले होते. पोलीस काही वाईट नव्हता. "युअर हाय बीम्स आर ऑन, सर," एवढं म्हणाला आणि समज देऊन सोडलं. बाबांनी बीम खाली घेतला आणि उरलेला रस्ता इतक्या हळू गाडी चालवली की मागचे लोक हॉर्न वाजवायला लागले. मला वाटलं, पोलिसाला घाबरले.

खरं तर समजायला हवं असं पुष्कळ घरातच घडत होतं. बाबा बाथरूमला जाताना स्टुलाला अडखळायचे आणि "हे इथं कुणी ठेवलं" म्हणून ओरडायचे. स्टूल आम्ही राहायला आल्यापासून तिथंच होतं. मंडळाच्या नाटकाला गेलो की हॉलमध्ये अंधार झाल्यावर आईचा दंड धरायचे. आई आपली सुखावायची, या वयात नवरा हात धरतोय म्हणून. एकदा जेवताना पुन्हा हळदीवरून सुरू झालं आणि आईचा संयम सुटला. भाकरी तव्यावरून जवळजवळ फेकतच ती म्हणाली, "काच घासली, बल्ब बदलले, आता माझी साडीच लावा दिव्यांना! नाचता येईना, अंगण वाकडं!" म्हण म्हणून म्हणाली ती, माणूस रागात म्हणतो तशी. बाबा मात्र घास हातात धरून तसेच थांबले. मग पान तसंच टाकून उठले. आमच्याकडे पानावरून उठणं म्हणजे काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. आई रात्रभर मुसमुसत होती.

बाबांचे वडील, म्हणजे माझे आप्पा आजोबा, पन्नाशीनंतर पूर्ण आंधळे होते. त्याआधी कित्येक वर्षं त्यांना दिवेलागणीनंतर दिसायचं नाही. घरात सांगायचे की सरकीच्या गोदामात नोकरी केली, धूळ डोळ्यांत गेली, त्यानं डोळे गेले. बाबाही असंच सांगायचे. आमच्या घराण्यात डोळ्यांचा दोष डोळ्यांना कधी दिलाच नव्हता.

डिसेंबरात एका संध्याकाळी बाबा मला लायब्ररीतून घरी आणत होते. रिमझिम पाऊस, वायपर चालू, नियमाप्रमाणे दिवे चालू, नमस्कारही झालेला. आमच्या गल्लीत फुटपाथ नव्हता, आणि तिथं मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील संध्याकाळचे रस्त्याच्या कडेनं फिरायचे. असेच एक आजोबा समोरून येत होते, माकडटोपी, तपकिरी स्वेटर, हातात पिशवी. मला ते लांबूनच दिसले. दिव्यांच्या उजेडात त्यांच्या बुटांची पांढरी नाडीसुद्धा दिसली. बाबा वेग कमी करतील म्हणून मी वाट बघितली. ते करेनात. "बाबा, माणूस! बाबा!" मी किंचाळले आणि स्टिअरिंग माझ्या बाजूनं ढकललं. गाडी भलतीकडे वळून थांबली. आजोबा खाली बसले होते, लागलं नव्हतं, पण भीतीनं त्यांना उठता येईना. मेथीची जुडी सुटून रस्ताभर झाली होती. मी त्यांना उठवलं, मेथी गोळा केली. आजोबा बाबांना म्हणाले, "अहो, एवढा लख्ख उजेड माझ्या तोंडावर पडला होता, मला वाटलं तुम्ही बघितलंय मला!" बाबा पावसात गाडीसमोर उभे राहून दिव्यांकडे बघत होते. "दिवे," ते म्हणाले, "या दिव्यांनी माझा घात केला असता." आजोबा त्यांच्याकडे बघतच राहिले.

दुसऱ्याच दिवशी बाबांनी अर्धी सुट्टी टाकली. गाडीच्या सक्तीच्या सरकारी तपासणीला, म्हणजे इन्स्पेक्शनला, अजून अवकाश होता, पण त्यांनी ठरवलं की आत्ताच सरकारी स्टेशनवर न्यायची, त्यांच्याकडे दिव्यांचं मशीन असतं, ते दोष काढून देईल. गाडी नापास झाली की दुरुस्ती करायची, मिटलं. आईनं मला शाळेतून लवकर बोलावून घेतलं आणि दारातच सांगितलं, "जा बाई बरोबर, त्यांच्याकडे लक्ष ठेव." माझ्याकडे बघताना तिची नजर ठरत नव्हती. तिनं दाराशी देवाला हात जोडले आणि मी चपापले, कारण ती पुटपुटत होती, "नापास होऊ दे रे बाबा." तेव्हा मला वाटलं हिचं डोकं फिरलं. ती हळदीचा दोष आपल्या माथी घ्यायला तयार होती. दुसरा दोष नको होता तिला.

स्टेशनवर गाड्यांची लांबच लांब रांग. आम्ही इंचाइंचानं पुढे सरकलो. बाबा अंगठ्यानं स्टिअरिंगचं रेक्झिन खरवडत राहिले. आमचा नंबर येईपर्यंत आभाळ काळवंडलं होतं. निळ्या डगल्यातल्या माणसानं ब्रेक बघितले, हॉर्न वाजवून घेतला, मग गाडीसमोर चाकांवरचं मशीन आणून उभं केलं. "लो बीम. हाय बीम. ओके." बाबांनी काच खाली केली. "हेडलाइट्स आर व्हेरी डिम, नो?" तो म्हणाला, "नो सर. लाइट्स आर गुड." बाबा म्हणाले, "प्लीज, चेक वन मोअर टाइम." त्या माणसाला कुणी असं म्हणालं नसावं. लोक तिथं पास होण्यासाठी गयावया करतात, आणि हा माणूस नापास करा म्हणून विनवत होता. त्यानं पुन्हा बघितलं, मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न मारला. "ब्राइट, एम्ड राइट. यू आर ऑल सेट," असं म्हणून त्यानं काचेच्या कोपऱ्यातला जुना स्टिकर खरवडून नवा लावला. मला तो कागद खरवडतानाचा चर्र आवाज अजून ऐकू येतो. बाबा स्टिकरकडे बघत होते. त्यांचा चेहरा मी सांगू शकणार नाही. मला एवढंच कळलं की आतापर्यंत मी ज्या माणसाच्या शेजारी बसत होते, तो हे सगळं फार आधीपासून ओळखून होता, आणि आज त्याला दुसऱ्या कुणीतरी सांगितलं.

बाहेरच्या पार्किंगमध्ये त्यांनी गाडी थांबवली, उतरले, बॉनेटवर हात ठेवून ठेवून दुसऱ्या बाजूला आले आणि माझं दार उघडलं. "तू चालव, मंजू." मी म्हटलं, "बाबा, मला हायवेची सवय नाही." "मला आहे ना. मी सांगतो." मग त्यांनी सीटबेल्ट लावला, डोळे मिटले आणि सांगत राहिले. पाऊस लागला की वायपर, वायपर लावले की दिवे. पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांवर नजर ठेव. समोरच्याच्या उजेडात बघू नकोस, उजव्या कडेच्या पांढऱ्या रेषेकडे बघ. त्यांचा आवाज अगदी शांत होता, गणित शिकवताना असायचा तसा. कायद्यानं माझ्या शेजारी एक अनुभवी ड्रायव्हर बसलेला होता, आणि त्याला पुढची काच सोडून काही दिसत नव्हतं. मी रडत होते ते त्यांना दिसलं नाही, हेही मला तेव्हा सुचलं आणि मी आणखी रडले. सुरुवातीला मी दिव्यांचं बटण फिरवलं तेव्हा त्यांनी मिटल्या डोळ्यांनीच हात छातीशी नेला होता. त्या खेपेला मीही नेला.

घरी आई शिरा करत होती. पास झालो तर गोड हवं, नापास झालो तर बाबांच्या तोंडाला चव हवी, असा तिचा दोन्हीकडून विचार. वेलदोड्याचा वास जिन्यापर्यंत आला होता. मी आधी आत शिरले, किल्ली माझ्या हातात. आईनं ती बघितली आणि कालथा खाली ठेवला. बाबा भिंतीला हात लावत आत आले, स्टूल चुकवून, आणि ओट्यापाशी उभे राहिले. "तुझ्या हळदीचा काही दोष नव्हता गं," ते म्हणाले. "उगाच बोललो तुला." इतक्या वर्षांत त्यांनी आईची माफी मागितलेली मी ऐकली नव्हती, आणि आईनं ती घेतली नाही. "नाही, नाही, माझंच चुकलं, हळदच होती," ती पदरानं डोळे पुसत म्हणायला लागली, "अहो, हळदच होती म्हणा ना! पुन्हा घासू आपण काच!" शिरा कढईला लागला, अलार्म वाजायला लागला, आणि त्या दिवशी खुर्चीवर चढून टॉवेल हलवायला कुणी गेलं नाही.

डॉक्टरांनी नंतर आजाराला लांबलचक नाव दिलं आणि सांगितलं की आधी रात्रीची नजर जाते, मग कडेची, मग राहिलेली, इलाज नाही. आईनं बेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकून घेतली, परीक्षेत दोनदा नापास होऊन, आणि ती बाबांना ऑफिसला नेऊन सोडायची, आणायची. सगळं आयुष्य पोळ्या लाटलेली माझी आई हायवेवर ट्रकांच्या मधून गाडी काढायची आणि तोंडानं रामरक्षा म्हणायची. ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत बाबांनी ऑफिसात कुणालाही कळू दिलं नाही. कसे दिवस काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. मी दरवर्षी डोळे तपासून घेते. अजूनपर्यंत ठीक आहेत. हे लिहितानासुद्धा मी टेबलाचं लाकूड शिवतेय, मेल्या इथल्या लोकांच्या सवयी!

आता बाबांना दिवस-रात्र सारखेच. आई गेल्यापासून ते माझ्याकडेच असतात. संध्याकाळी मी कामावरून येते तेव्हा गॅरेजच्या दाराशी काठी घेऊन उभे असतात, आणि गाडी थांबली की पुढे येऊन दोन्ही हेडलाइटवर आळीपाळीनं तळहात ठेवतात. काच गरम लागली की "दोन्ही चालू आहेत" म्हणतात आणि हात छातीशी नेतात. कितीतरी वर्षं हे असंच चाललं होतं, आणि मी मुद्दाम थोडा वेळ दिवे बंद करत नसे. मागच्या महिन्यात मी नवी गाडी घेतली. बाबांनी सवयीनं हात ठेवला, मग दुसऱ्या दिव्यावर ठेवला, मग पुन्हा पहिल्यावर. "मंजू, तू बिनदिव्याची आलीस?" ते घाबरून म्हणाले. "पाऊस पडतोय, वायपरचा आवाज येत होता मला. दोन्ही बंद आहेत गं." मी उतरले. त्यांचा हात, शर्ट, मागची गॅरेजची भिंत, सगळं त्या उजेडात पांढरंफटक झालं होतं. "चालू आहेत, बाबा," मी म्हटलं. "हल्लीचे दिवे तापत नाहीत." ते हात तिथंच ठेवून उभे राहिले. "असं होय," ते म्हणाले, आणि काचेवरून बोट फिरवत राहिले.